हाड हातातून द्यावं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्याही आधी मी आमच्या गावच्या मटणाच्या दुकानातल्या चाचांचं नाव घेतो. आईला हे माहीत आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. मी पदवीधर आहे, दुबईत रास अल खोरच्या एका शीतगोदामात मालाची प्रत तपासणारा सुपरवायझर आहे, शारजात अल नहदाला बाराव्या मजल्यावर बायको-मुलीबरोबर राहतो. चाचा नसते तर यातलं काहीही झालं नसतं. बहुधा मीच नसतो.

दहावीच्या परीक्षेला चार दिवस होते. शाळेतून हॉल तिकीट घेऊन मी चाचांच्या दुकानामागच्या वाटेनं घरी निघालो होतो. दुपारी दुकान बंद करताना चाचा उरलेल्या आतड्यांची आणि हाडांची बादली मागच्या खड्ड्यात ओतत. त्यांची स्वतःची चार कुत्री आणि गावातली सात-आठ तिथं तुटून पडत. रोजचंच होतं ते. त्या दिवशी वाऱ्यानं हॉल तिकीट हातातून उडालं आणि खड्ड्याच्या काठावर जाऊन पडलं. मी उचलायला वाकलो. चाचांच्या तांबड्या कुत्र्याला वाटलं असावं, मी त्याचा तुकडा घेतोय.

त्यानं माझा डावा दंड धरला आणि खाली ओढलं. मग बाकीची आली. मला आठवतो तो वास, आणि माझ्याच मांसाचा फाटण्याचा आवाज. जुनं गोणपाट फाडावं तसा. कोणीतरी ओरडलं, "गळा झाक, पोरा, गळा झाक!" मी हनुवटी छातीत खुपसली. चाचा बोकड टांगायचा लोखंडी गज घेऊन खड्ड्यात उतरले होते. पहिला घाव तांबड्याच्या पाठीवर बसला तेव्हा कण्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. तरी त्यानं दंड सोडला नाही. दुसरा डोक्यात. तिसऱ्यानंतरही चाचा मारतच राहिले. बाकीची तीन कुत्री, त्यांचीच, दुकानाच्या फळीखाली शिरून बघत होती.

सरकारी दवाखान्यात नर्सनं विचारलं, यातलं रक्त पोराचं किती आणि तुमच्या धंद्याचं किती. चाचा म्हणाले, "धुऊन बघा, बाई."

तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक. वडील खाणीवर दगड फोडायला जात, एक दिवस चुकला तर मुकादम दुसरा माणूस घेई. म्हणून चाचांनी चौदाही दिवस मला आपल्या गाडीवर तालुक्याला नेलं. आधी इंजेक्शन, मग पेपर. पोट सुजून टणक झालं होतं, बाकावर वाकता येत नसे. चाचा शाळेच्या फाटकाबाहेर चिंचेखाली बसून राहत. एकदा येताना म्हणाले, "चावलं ते माझं कुत्रं. मी फेकत गेलो, ते भांडायला शिकलं. खाणं फेकू नये. हातातून द्यावं."

मी पास झालो. आमच्या घरात तोवर कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं.

निकालानंतर मी दुकानात गेलो तेव्हा उरलेली तिन्ही कुत्री तीन खुंट्यांना, लांब लांब बांधलेली होती. चाचा एकेकापुढे उकिडवे बसून गळ्याची हाडं, वजडी, काळजाचे तुकडे हातावर धरत होते. सगळं कच्चं. पुढे कॉलेजच्या सुट्टीत मी तिथेच बसायचो आणि बरंच शिकलो. एका जत्रेनंतर त्यातलं एक कुत्रं मेलं, तेव्हा चाचांनी माझ्यासमोर त्याचं पोट सुऱ्यानं उघडलं. लोकांनी रश्श्यातली हाडं घातली होती. त्यातलं एक टोक आतड्यातून आरपार आलेलं होतं, शिवणीतून दाभण यावा तसं. चाचांनी ते ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "कच्चं हाड लवतं. शिजलेलं फुटतं. कॉलेजात शिकवणार नाहीत तुला, म्हणून दाखवतो."

हे मी विसरलो नाही. विसरलो ते दुसरंच.

रास अल खोरला आमच्या गोदामाशेजारी जुन्या गाड्या मोडायचं आवार आहे. तिथं राखणीला एक कुत्री होती, उभ्या कानांची, काळ्या तोंडाची. दिवसभर साखळीला असे. पत्र्याची सावली सरकली की तिला साखळीच्या लांबीइतकंच तिच्यामागे सरकता येई. मी जाळीतून तिला पाणी देई. कधी गोठवलेल्या मालातला फुटलेल्या पाकिटातला तुकडा, साहेबांना विचारून. पहिल्या दिवशी तिनं जाळीसकट माझी बाही फाडली. सहाव्या आठवड्यात ती हातातून घ्यायला लागली.

एका सकाळी आरडाओरडा ऐकू आला म्हणून बाहेर गेलो. तिथला फोरमन रबरी पाइप दुमडून तिला मारत होता. तिनं त्याच्या पायाचा लचका तोडला होता, पँट रक्तानं भिजली होती. साखळी खुंट्याला इतकी गुंडाळली गेली होती की तिला तोंडही फिरवता येत नव्हतं. पाइप बसे तिथं केस उडत. मी जाळीवरून ओरडलो, "बस करो भाई, मर जाएगी."

"तो तू ले जा," तो धापा टाकत म्हणाला. "हबीबी, तेरे को इतना प्यार है तो ले जा. खलास. शाम को इधर दिखी तो गाडी के नीचे डालूँगा."

संध्याकाळी मी तिला गाडीच्या मागच्या सीटवर घालून शारजात आणलं. बायको दार अडवून उभी राहिली. म्हणाली, "अहो, ही चावेल."

"मला नाही चावणार."

"मी तुमचं विचारत नाहीये."

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती म्हणाली, "Mama, she's more scared than you." मग बायकोनं जुनी सतरंजी आणली.

जनावरांच्या डॉक्टर पुण्याच्या निघाल्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलणं सरळ. त्यांनी जखमा धुतल्या, लसी टोचल्या, नोंदणीचे कागद करून दिले आणि तयार खाण्याची पिशवी लिहून दिली. ते खाणं कुत्रीला पचेना. तीन आठवडे रोज उलटी नाहीतर जुलाब, तीनदा बदलून पाहिलं. शेवटी मी चाचांच्या पद्धतीवर आलो. मेंढीच्या गळ्याची हाडं, बरगड्या, वजडी, काळीज, सगळं कच्चं. दोन महिन्यांत पाठीवर केस आले, बरगड्या झाकल्या गेल्या. बायकोला बरोबर घेऊन मी अभिमानानं कुत्रीला डॉक्टरांकडे नेलं.

"छान दिसतेय," त्या म्हणाल्या. "काय घालता?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. "कच्चं? अहो, तुम्ही काय वाघ पाळलाय का?"

"मॅडम, आमच्या गावी सगळी कुत्री..."

"तुमच्या गावची जी जगली ती तुम्हाला दिसतात. मेलेली कोणी मोजली? तुमचं शिक्षण काय?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री."

"मग जंतू फ्रीजरमध्ये मरत नाहीत, नुसते झोपतात, एवढं माहीत असेल. घरात लहान मुलगी आहे. कुत्री तिला चाटते. दात तुटू शकतात, हाड अडकू शकतं. मी लिहून ठेवते की मी नको म्हटलं होतं."

"लिहा, मॅडम," मी म्हणालो. मला राग आला होता. पुण्याच्या माणसापुढे बी.एस्सी. म्हणताना मला अजूनही पाय जुळवून उभं राहावंसं वाटतं, त्याचाही राग होता. घरी येताना बायकोनं विचारलं, "जंतूंचं खरं आहे का?" मी म्हणालो, "तू त्यात पडू नकोस. कुत्रीचं खाणं मी बघतो."

आणि मी बघत होतो. वॉशिंग मशीनच्या खोलीत वेगळा छोटा फ्रीजर, वेगळी सुरी, वेगळं ताट. पहाटे कामावर जाण्याआधी मी तिच्यापुढे उकिडवा बसे आणि एकेक हाड हातातून देई. माझ्या घरात हे मला एकट्यालाच येतं, याचं मला सुख होतं. शिजलेल्या हाडाची गोष्ट मी बायकोला कधी सांगितली नाही. सांगायची वेळच येऊ दिली नाही.

श्रावण आला. श्रावणात आमच्या घरी मांसाहार होत नाही. माझ्या फ्रीजरमुळे बायकोला अवघडल्यासारखं होई, पण ती त्या खोलीचं दार ओढून घेई आणि बोलत नसे. त्याच आठवड्यात मुलीला ताप आणि जुलाब झाले. दोन दिवसांत ती बरी झाली. कशानं झाले ते कळलं नाही, पण बायकोच्या मनात डॉक्टरांचं वाक्य बसलं. त्यातच आमच्या गोदामात तपासणी लागली आणि मला चार दिवस पहाटे चारला निघावं लागलं. शुक्रवारी निघताना मी म्हणालो, "फ्रीजरमधलं एक पाकीट काढ आणि दुपारी तिला दे."

"आज जिवतीची पूजा आहे. मी कच्च्याला हात लावू?"

"पाकीट फोडायचं आणि द्यायचं, त्यात काय आहे," म्हणून मी लिफ्टचं बटण दाबलं.

शुक्रवारी दुबईत अर्धा दिवस असतो. मी दोनच्या सुमारास घरी पोचलो. दारात पुरणाचा वास होता. बायकोचं मुलीला ओवाळून झालं होतं. मुलीच्या कपाळावर कुंकू होतं, आणि मुलीच्या हट्टानं कुत्रीलाही ओवाळलं होतं, तिच्या काळ्या कपाळावरही लाल बोट होतं. ती मशीनच्या खोलीत ताटावर वाकून चावत होती. मी तो आवाज ऐकला. कच्चं हाड चावताना दबका, ओला आवाज येतो. हा कोरडा होता, कडाकड.

ताटात पांढरी हाडं होती. मेंढीच्या बरगड्या.

"हे काय केलंस?"

"कुकरला लावलं," बायको म्हणाली. "मटणाच्या जुन्या कुकरला, चिमट्यानं धरून. तीन शिट्ट्या दिल्या. जंतू मरतील म्हटलं. आणि पूजेच्या दिवशी ते रक्त..."

मी पुढचं ऐकलं नाही. कुत्रीवर झेप घातली आणि तिच्या जबड्यात उजवा हात घातला. खाणाऱ्या जनावराच्या तोंडात, न सांगता, मागून. चाचांच्या दुकानात बसून इतकी वर्षं शिकलेला मी. तिनं चावा घेतला. सुळा तळहातातून शिरून मागच्या बाजूनं निघाला, मला तो दिसला. तिनं डोकं झटकलं, हाताबरोबर मीही फिरलो आणि मशीनवर आपटलो.

मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. हातात पोछ्याचा स्टीलचा दांडा होता. मी मारत होतो. ती कोपऱ्यात होती, तिला जायला जागा नव्हती, मी दाराकडे उभा होतो. पहिल्या दोन-तीन फटक्यांना ती गुरगुरली. नंतर नुसती आवाज करत राहिली. मी थांबलो नाही. दंडावरच्या जुन्या खुणा कशाच्या आहेत ते मी दर फटक्याला तिला सांगत होतो, असं बायको नंतर म्हणाली. "तू पण? तू पण?" असं काहीतरी.

मुलगी दारात आली. ती ओरडली नाही. मराठीत म्हणाली, "बाबा, ती मरेल."

त्या रास अल खोरच्या आवारात मी हेच बोललो होतो. बायकोनं माझ्या हातातून दांडा काढून घेतला. फरशीवर माझं रक्त होतं आणि कुत्रीच्या तोंडातलं होतं. तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळून डोळ्यात गेलं होतं.

पाच वाजता तिनं रक्ताची उलटी केली. माझ्या हाताला टॉवेल गुंडाळलेला होता. बायकोनं गाडी चालवली, मुलगी मागच्या सीटवर कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी कुत्रीला एक्स-रेचा फोटो काढायला नेलं आणि मग आम्हाला आत बोलावलं.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आतडं फाटलंय. लगेच पोट उघडावं लागेल. कच्च्या हाडांचं काय म्हणाला होतात तुम्ही?"

"कच्चं नव्हतं," बायको म्हणाली. "मी शिजवलं. तुम्ही जंतू म्हणाला होतात ना."

डॉक्टरांनी जुनी नोंद उघडली. "शिजवलेली हाडं घालू नका, हे मी त्या दिवशी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मी सगळंच नको म्हटलं आणि विषय बंद केला." मग त्यांनी फोटोवर पेन टेकवलं. "आणि हे? उजवीकडच्या दोन बरगड्या मोडल्यात. ताज्या आहेत. पडली का कुठून?"

बायको खाली बघत होती. मुलगी माझ्याकडे. "पडली" म्हणायला मला एक शब्द पुरला असता.

"मी मारलं," मी म्हणालो. "दांड्यानं."

"किती?"

"मोजलं नाही."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "ऑपरेशन मी करते. जगली तर ती तुमच्याकडे परत द्यायची की नाही, ते नंतर ठरवीन. आता तुम्ही जाऊन आधी स्वतःचा हात दाखवा. इथं थांबू नका, मला तुमच्याकडे बघायचं नाहीये."

कुत्री जगली. पोटातून हाडाचा बोटभर लांब, टोकदार तुकडा निघाला, चाचांनी माझ्या तळहातावर ठेवला होता तसाच. दहा दिवसांनी डॉक्टरांनी तिला माझ्या बायकोच्या स्वाधीन केलं, सही बायकोची घेतली. सहा आठवडे उकडलेलं, बिनहाडाचं, मऊ. मी एका शब्दानं वाद घातला नाही.

सहा आठवडे संपले तेव्हा मी एकटाच त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, पुन्हा कच्चं सुरू करू का, कारण तयार खाणं तिला पचत नाही हे तुम्हीही पाहिलंत. त्यांनी फाइल चाळली.

"मला पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही माझ्या मागे करणारच. तर निदान माझ्या नजरेसमोर करा. दर तीन महिन्यांनी तिची विष्ठा तपासायची. मुलीचे हात साबणानं. हाड घालायचं नाही, खिमा करून घाला. आणि घरात काय चाललंय ते सगळ्यांना माहीत पाहिजे. गुरुमंत्र असल्यासारखं एकट्यापाशी ठेवू नका."

"हो, मॅडम."

"आणि ती तुमच्या हातातून खाते का?"

"नाही," मी म्हणालो.

खरंच खात नाही. बायकोच्या हातातून खाते, मुलीच्या खाते. मी खोलीत पाऊल टाकलं की भिंतीकडे तोंड करते आणि तिथंच मुतते. मी ओरडत नाही, पुसून घेतो. मुलगीही माझ्याशी जपून बोलते. मी तिच्या ताटात काही वाढायला हात पुढे केला की तिची मान किंचित मागे जाते. तिला ते कळत नसावं. मला कळतं.

त्या महिन्यात मी चाचांना पत्र लिहिलं. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, फोनवर काही सांगता येत नाही. त्यांची सून वाचून दाखवते. माझ्याकडे त्याची प्रत आहे, ती इथे देतो.

"चाचा, साष्टांग नमस्कार.

आम्ही इथे ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं औषध गावी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलं आहे, जेवल्यावर घ्या.

माझ्याकडे एक कुत्री आहे, हे तुम्हाला मागे कळवलं होतं. तुम्ही शिकवलंत तसं मी तिला हातातून कच्चं घालत होतो आणि ती चांगली झाली होती. श्रावणात माझ्या चुकीनं तिच्या पोटात शिजलेलं हाड गेलं. मी ते काढायला गेलो तर ती चावली. मग मी तिला खूप मारलं, चाचा. तिच्या बरगड्या मोडल्या. पोरगी बघत होती. तुम्ही माझ्यासाठी गज उचलला होता, माझा जीव वाचवायला. मी कुणालाच वाचवत नव्हतो. माझा हात बरा आहे, दोन बोटं नीट मिटत नाहीत.

आता रोज पहाटे मी तिच्यापासून चार हातांवर बसतो. तळहातावर खिमा धरून बसतो, डाव्या हातावर, तुम्ही वाचवलेल्या. ती येत नाही. मी फेकत नाही. वेळ झाली की खिमा बायकोकडे देतो आणि कामावर जातो. आज एकोणिसावा दिवस होता. आज तिनं भिंतीकडे तोंड केलं नाही, एवढंच.

तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही तांबड्याला मारलंत तेव्हा बाकीची तिघं फळीखालून बघत होती. निकाल लागल्यावर मी आलो तेव्हा ती तुमच्या हातातून खात होती. मधल्या दिवसांत मी परीक्षेत होतो आणि तुम्ही माझ्यासाठी चिंचेखाली बसून होता, म्हणून ते मी पाहिलं नाही. त्यांना पुन्हा तुमच्या हाताजवळ यायला किती दिवस लागले? तुम्ही काय केलंत? सगळी आली का? सूनबाईंना सांगून लिहून पाठवा. लवकर पाठवा.

तुमचा मुलगा."